झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी कसें चढतें?

(नभोवाणीवरील भाषण)

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, यांपैकीं कोणत्याही उपनगरांत पहांटे कान देऊन ऐकलें, तर इमारतीच्या आवारांतून पाण्याचा पंप सुरू झाल्याचा आवाज ऐकूं येतो. जमिनींतल्या टांकींत सांठलेलें पाणी गच्चीवरच्या टांकींत चढविल्याखेरीज वरच्या मजल्यावरील स्वयंपाकघरांत थेंबही पडत नाहीं. वीज गेली कीं पंप थांबतो, आणि पंप थांबला कीं घरोघर बादल्या भरून ठेवण्याची धांदल उडते. त्याच आवारांत कुंपणाशीं चार मजल्यांएवढा उंच माड उभा असतो. त्याच्या शेंड्यावरील झांवळ्यांनाही पाणी लागतें, आणि तें त्यांना वर्षानुवर्षें बिनबोभाट मिळत असतें. तेथें पंप नाहीं, वीज नाहीं, आवाज नाहीं. मग हें पाणी वर चढतें तरी कशानें?

हा प्रश्न केवळ शाळेंतील पुस्तकाचा आहे, असें कोणी समजूं नये. उपनगरांतील रस्ते आज सिमेंटचे होत आहेत, जुन्या इमारती जाऊन नव्या उभ्या राहत आहेत, आणि आवारांतील झाड ठेवावें, हलवावें कीं तोडावें, याविषयीं आपल्यापैकीं पुष्कळांना गृहनिर्माण संस्थेच्या सभेंत मत द्यावें लागतें. मत देण्यापूर्वीं झाड पाणी कसें पितें, हें ठाऊक असलेलें बरें. तेंच आज थोडक्यांत सांगण्याचा माझा विचार आहे.

प्रथम पाण्याची वाट पाहूं. झाडाचें जाडजूड मूळ आपल्या दृष्टीस पडतें, परंतु पाणी पिण्याचें काम तें करीत नाहीं. तें काम अगदीं कोंवळ्या, सुतासारख्या बारीक मुळांचें. या मुळांच्या टोंकाच्या किंचित् मागें अतिशय नाजूक लव असते. तिला मूलरोम म्हणतात. एकेक मूलरोम म्हणजे एकेका पेशीचा बाहेर आलेला फांटा. मातीच्या कणांभोंवतीं पाण्याचा जो पातळ थर असतो त्याला तो बिलगून राहतो. पेशीच्या आंतील रसांत क्षार व इतर द्रव्यें विरघळलेलीं असल्यामुळें बाहेरचें पाणी पेशीच्या पडद्यांतून आंत येतें. मनुका पाण्यांत टाकल्या असतां फुगतात, तोच हा प्रकार. शास्त्रांत त्याला परासरण म्हणतात. मूलरोमांचें आयुष्य फार थोडें असतें. जुने झडतात, मूळ पुढें वाढतें आणि नवे उगवतात. एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी : झाडाचीं पाणी पिणारीं मुळें बहुतांशीं जमिनीच्या वरच्या एखाद्या मीटरभर थरांत असतात, आणि पुष्कळदां फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरलेलीं असतात. या गोष्टीकडे आपणांस पुढें परत यावयाचें आहे.

मूलरोमांतून आलेलें पाणी मुळाच्या गाभ्यांतील जलवाहिन्यांत उतरतें. जलवाहिनी ही मोठी नवलाची वस्तु आहे. ज्या पेशींपासून ती बनते त्या आपल्या भिंती कठीण करून घेतात आणि मग मरून जातात. मागें राहते ती पोकळ नळी. अशा एकापुढें एक जोडलेल्या नळ्या मुळांतून खोडांत, खोडांतून फांद्यांत, फांद्यांतून देंठांत आणि देंठांतून पानाच्या शिरांत गेलेल्या असतात. आपण ज्याला लांकूड म्हणतों, त्यांत या नळ्यांचा मोठा भाग असतो.

ही वाट डोळ्यांनीं पाहण्यास खर्च कांहींच नाहीं. पावसाळ्यांत कुंडींत अथवा कुंपणाशीं तेरडा उगवतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, असें आपण म्हणतों. पण त्याचें खोड अर्धपारदर्शक असल्यामुळें या प्रयोगाला त्याच्यासारखें रोप नाहीं. पांढऱ्या फुलांच्या तेरड्याची एक फांदी पाण्याखालीं धरून कापावी आणि तांबडी शाई घातलेल्या पाण्याच्या पेल्यांत उभी ठेवावी. कांहीं तासांतच खोडांतून तांबड्या रेघा वर चढलेल्या दिसतात, पानांच्या शिरा लाल होतात, आणि पुढें पाकळ्यांतही रंगाच्या छटा उमटतात. खोड आडवें कापलें तर सबंध खोड लाल झालेलें नसून ठराविक जागीं ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे जलवाहिन्यांचे जुडगे. मुलांना हा प्रयोग एकदां करूं द्यावा. वर्गांतील दहा तासांचें काम तो एका दुपारींत करतो.

वर पोंचलेल्या पाण्याचें होतें काय? त्यांतील फारच थोडा अंश झाड स्वतःसाठीं ठेवतें. शेंकडा ९५ हून अधिक पाणी वाफेच्या रूपानें हवेंत निघून जातें. पानाच्या, विशेषतः खालच्या, पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांना पर्णरंध्रें म्हणतात. एका चौरस मिलिमीटरांत सामान्यतः शंभर ते तीनशें रंध्रें मावतात. प्रत्येक रंध्राला दोन ओंठांसारख्या दोन पेशी असतात. त्या फुगल्या कीं दार उघडतें, आणि सैल पडल्या कीं मिटतें. इंग्लंडांतील एक धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनीं १७२४ सालीं साडेतीन फूट उंचीचें सूर्यफुलाचें झाड कुंडीसह रोज तोलून पाहिलें. बारा तासांच्या दिवसांत तें सरासरीनें वीस औंस, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम पाणी हवेंत सोडतें, असें त्यांना आढळून आलें. १७२७ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ हा या शास्त्राचा पाया मानतात. एका सूर्यफुलाची ही कथा, मग आपल्या रस्त्यावरील वर्षावृक्षाची काय असेल?

आतां मुख्य प्रश्न. वर्गांत हा प्रश्न विचारला कीं मुलें हमखास उत्तर देतात, "मुळें पाणी वर ढकलतात." हें उत्तर अगदींच खोटें नाहीं. अळवावरचें पाणी म्हणजे न टिकणारी वस्तु, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु पावसाळ्यांतील सकाळीं अळवाच्या पानाच्या टोंकाशीं जो थेंब लोंबत असतो, तो पावसाचा नसून बहुधा आंतून आलेला असतो. रात्रीं हवा ओलसर असते, वाफ होत नाहीं, आणि मुळें मात्र पाणी घेत राहतात. मग त्या दाबानें पाणी पानाच्या टोंकांतून बाहेर ठिबकतें. यास मूलदाब म्हणतात. तथापि हा दाब सामान्यतः एकदोन वातावरणदाबांच्या पलीकडे जात नाहीं, आणि ज्या कडक दुपारीं झाडाला सर्वांत अधिक पाणी हवें असतें, नेमका त्याच वेळीं तो जवळजवळ नाहींसा होतो. म्हणून उंच वृक्षाचा भार मूलदाबावर टाकतां येत नाहीं.

दुसरें उत्तर केशाकर्षणाचें. दिव्याच्या वातींत तेल चढतें, तसें नळ्यांत पाणी चढत असेल. हिशेब करून पाहूं. एक दशांश मिलिमीटर व्यासाच्या नळींत पाणी केशाकर्षणानें सुमारे ३० सेंटिमीटर चढतें. जलवाहिन्या साधारण याच मापाच्या, किंवा याहून कांहीं बारीक असतात. एवढ्यानें तुळशीचें रोप भागवील; माड भागविणार नाहीं. तिसरें उत्तर हवेच्या दाबाचें. पण वर बसविलेला शोषक पंप विहिरींतलें पाणी सुमारे १० मीटरांहून अधिक वर ओढूं शकत नाहीं. कारण तेथें खरें काम वातावरणाचा दाब करतो आणि त्याची मजल तितकीच आहे. वृक्ष तर ती मर्यादा सहज ओलांडतात. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील रेडवुड जातीचा सर्वांत उंच ज्ञात वृक्ष ११५ मीटरांहून अधिक उंच आहे.

मग झाडाच्या सजीव पेशीच पंपासारखें काम करीत असतील काय? आपले थोर शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांनीं हें मत मोठ्या हिरिरीनें मांडलें. १९२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, खोडांतील विशिष्ट पेशी हृदयाप्रमाणें स्पंदन पावतात आणि त्या स्पंदनानें रस वर चढतो. वनस्पतींच्या सूक्ष्म हालचाली टिपण्याचीं त्यांचीं यंत्रें अपूर्व होतीं, आणि वनस्पतींच्या संवेदनांविषयींचें त्यांचें कार्य आजही आदरानें स्मरलें जातें. परंतु रसाच्या आरोहणाविषयींचें त्यांचें हें मत शास्त्रानें पुढें स्वीकारलें नाहीं. त्यापूर्वींच जर्मनींतील बॉन येथील प्राध्यापक स्ट्रासबुर्गर यांनीं उंच झाडें बुंध्याशीं कापून विषारी द्रवांत उभीं केलीं होतीं. विषानें खोडांतील सजीव पेशी मेल्या, तरी द्रव वर चढत राहिला. थेट पानांपर्यंत विष पोंचून पानें मेलीं, तेव्हांच तो थांबला. पंप जर सजीव पेशींचा असता, तर पेशी मरतांच काम बंद पडावयास हवें होतें. आणि पानें मेल्यावरच जर तें बंद पडलें, तर शक्तीचें स्थान कोठें शोधावयाचें, हें उघड झालें.

तें स्थान पानांत आहे. १८९४ सालीं डब्लिन येथील हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनीं जें उत्तर दिलें, तेंच कांहीं सुधारणांसह आज मान्य आहे. तें असें : पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. बारीक नळींत, हवेचा बुडबुडा नसतांना, पाणी एखाद्या धाग्यासारखें वागतें आणि ताण सहन करतें. पानाच्या आंतील पेशींच्या ओल्या भिंतींतून उन्हानें पाण्याची वाफ होते. त्या भिंतींतील छिद्रें जलवाहिन्यांपेक्षां हजारों पटींनीं सूक्ष्म असल्यामुळें पाण्याचा पृष्ठभाग तेथून मागें सरण्यास तयार नसतो. गेलेल्या पाण्याच्या जागीं तो मागचें पाणी ओढून घेतो. हा ओढा शिरेंतून देंठांत, देंठांतून खोडांत, खोडांतून मुळांत आणि मुळांतून मातीपर्यंत पोंचतो. विहिरींतून घागर काढतांना आपण दोर वरून ओढतों. खालून दोर ढकलून घागर वर येत नाहीं. झाडांतील पाणी हा असाच दोर आहे, आणि तो ओढणारा सूर्य आहे. झाडाला यासाठीं स्वतःची शक्ति खर्चावी लागत नाहीं. दुपारीं हा ताण इतका वाढतो कीं मोठ्या वृक्षाचें खोडही किंचित् आंकसतें, आणि रात्रीं पुन्हा पूर्ववत् होतें. सूक्ष्म यंत्रांनीं हें मोजतां येतें.

ताणलेला धागा तुटूंही शकतो. माती कोरडी पडली, ऊन वाढलें, कीं एखाद्या जलवाहिनींत हवा शिरते, धागा तुटतो आणि ती नळी निकामी होते. १९६६ सालीं मिलबर्न आणि जॉन्सन या संशोधकांनीं एरंडाच्या पानाच्या देंठावर संवेदनशील यंत्र लावून हे धागे तुटतांना होणारे बारीक टकटक आवाज नोंदले. तहानलेलें झाड ओरडत नाहीं, हें खरें. पण तें अगदीं मूक असतें, असेंही नाहीं. एकदोन नळ्या गेल्या तरी पाणी शेजारच्या नळ्यांतून वाट काढतें. फार नळ्या गेल्या म्हणजे मात्र फांदी वाळते. फुलदाणींतील निशिगंधाचे दांडे पाण्याखालीं धरून पुन्हा तिरपे कापले असतां फुलें अधिक टिकतात, त्याचें कारणही हेंच : कापल्या टोंकाशीं शिरलेली हवा त्यायोगें दूर होते.

पाण्याच्या या वाटेशेजारीं दुसरीही एक वाट आहे. पानांत तयार झालेलें साखरेचें अन्न रसवाहिन्यांतून झाडाच्या इतर भागांकडे जातें. ताडमाडांच्या फुलोऱ्याला छेद देऊन जी गोड नीरा काढतात, ती या वाटेवरची. आंबा, जांभूळ, गुलमोहर अशा वृक्षांत ही वाट सालीच्या आंतल्या बाजूस असते. बुंध्याभोंवतीं सालीचें कडें काढलें, तर पाणी लांकडांतून वर जात राहतें आणि झाड बरेच दिवस हिरवें दिसतें. पण मुळांना अन्न न मिळाल्यामुळें तीं उपाशीं मरतात, आणि मग सगळें झाड जातें. रोषणाईची तार अथवा लोखंडी संरक्षक कडें वर्षानुवर्षें न काढतां सालींत रुतूं दिलें, तर सावकाश कां होईना, परिणाम याच जातीचा होतो.

ही सारी व्यवस्था निरनिराळ्या परिस्थितींत कशी चालते, हें पाहावयास उपनगरवासीयांना दूर जावें लागत नाहीं. बोरिवलीला सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील सागाचीं पानें सुपाएवढीं असतात. पावसाळ्यांत हें परवडतें. परंतु पुढें जमीन सुकत जाते, आणि इतक्या रुंद पानांतून पाणी उडूं दिलें तर धागेच तुटतील. म्हणून साग पानें गाळून खर्च बंद करतो. सावर तर पानें नसतांनाच तांबड्या फुलांनीं भरून जाते. ज्याला आपण पानगळ म्हणून उदास होतों, तो वस्तुतः काटकसरीचा जमाखर्च आहे.

याच्या उलट टोंकाला, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. तेथें पाणी भरपूर, पण तें खारें. खाऱ्या पाण्यांत उभ्या असलेल्या तिवराला गोडें पाणी मिळावें कसें? समुद्राचें पाणी मिठापासून वेगळें करावयास सुमारे २५ वातावरणांइतका दाब लागतो. १९६५ सालीं शोलँडर आणि त्यांचे सहकारी यांनीं दाबपात्राच्या साह्यानें मोजलें, तेव्हां खाजणांतील वृक्षांच्या जलवाहिन्यांत सुमारे ३० ते ६० वातावरणांइतका ताण आढळला. म्हणजे पानांनीं लावलेल्या ओढीच्या बळावर तिवर आपल्या मुळांच्या पडद्यांतून पाणी गाळून घेतो आणि बहुतांश मीठ बाहेरच ठेवतो. जें थोडें आंत येतें तें पानांवाटे टाकतो. कोरड्या दिवशीं तिवराच्या पानावर मिठाचे कण हातास लागतात. चिखलांत हवा नसते, म्हणून त्याचीं श्वासमुळें बोटांसारखीं चिखलांतून वर येतात. हें शेवटचें वाक्य विसरूं नये : मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं कांदळवनांच्या तोडीस मनाई केली, आणि २०२२ सालीं ठाणे खाडीला रामसर यादींत स्थान मिळालें. या झाडांना लाभलेलें हें संरक्षण अगदीं योग्य आहे.

आतां आपल्या दारांतील झाडाकडे येऊं. वर सांगितलेलें सर्व ध्यानांत घेतलें, तर तीन गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट झाड हलविण्याविषयीं. "तोडूं नका, दुसरीकडे लावा", हें बोलणें ऐकण्यास गोड आहे. परंतु मोठें झाड खणून काढतांना त्याचीं पाणी पिणारीं बहुतेक मुळें जमिनींतच राहतात. पानांची ओढ मात्र कायम. दोराचें खालचें टोंक तुटलें आणि वरचा ओढणारा थांबत नाहीं, अशी त्याची स्थिति होते. म्हणून फांद्या व पानें कमी करावीं लागतात, मुळांभोंवतींचा मातीचा गड्डा मोठा ठेवावा लागतो, आणि नवीं मुळें फुटेपर्यंत दीर्घ काळ पाणी द्यावें लागतें. झाड जितकें मोठें व वयस्क, तितका हा खटाटोप फसण्याचा संभव अधिक. हलविणें हा अगदीं शेवटचा उपाय आहे. मत देतांना तो तसाच मानावा.

दुसरी गोष्ट बुंध्याभोंवतींच्या सिमेंटची. आवार नीटनेटकें दिसावें म्हणून फरशी अगदीं बुंध्यापर्यंत भिडविण्याची पद्धत पडली आहे. तिनें पाणीही जात नाहीं आणि हवाही जात नाहीं. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने झाड मातींत मुरलेल्या ओलाव्यावर काढतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझच्या वेधशाळेंत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. असा पाऊस पडला तरी सिमेंटखालच्या मुळांना त्याचा लाभ होत नाहीं. तो गटारांतून खाडीला मिळतो. शिवाय घुसमटलेलीं मुळें कुजलीं कीं झाडाचा आधारही जातो, आणि पुढच्या वादळांत तें कोणाच्या तरी अंगावर कोसळतें. तेव्हां आपण झाडालाच दोष देतों. बुंध्याभोंवतीं निदान एक मीटर जागा मोकळ्या मातीची ठेवावी. अधिक ठेवतां आली तर फारच उत्तम.

तिसरी गोष्ट खिळे, तारा आणि खणणें यांची. नळ, गटार अथवा तारेसाठीं चर खणतांना बुंध्याजवळचीं मुळें सरसकट तोडूं देऊं नयेत. महाराष्ट्रांत नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा अधिनियम आहे, आणि त्यांत झाड तोडणें या संज्ञेंत झाडाला इजा करणेंही येतें. पण कायद्याचा शिपाई प्रत्येक आवारांत उभा राहूं शकत नाहीं. तेथें उभे असतों आपण.

श्रोतेहो, झाड उभें राहतें तें लांकडाच्या बळावर. पण जगतें तें मातीपासून पानापर्यंत ताणलेल्या पाण्याच्या एका अखंड धाग्यावर. त्या धाग्याचें वरचें टोंक सूर्याच्या हातीं आहे आणि तेथें आपली कांहीं मात्रा चालत नाहीं. खालचें टोंक मात्र आपल्या आवारांत, आपल्या पायांखालीं आहे. तेवढें मोकळें ठेवावें, इतकी विनंति करून मी आपली रजा घेतों.